पैठणीवरचा डाग आणि मनापासून मागितलेली माफी

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्यालगतच्या एका गल्लीतील लॉन्ड्रीत आमच्या घरचे कपडे गेली अकरा वर्षे जात आहेत. ड्रायक्लीन स्वच्छ होते, दर आसपासच्या दुकानांइतकेच आहेत आणि दिलेली तारीख बहुधा पाळली जाते. हा अभिप्राय मात्र मी त्यांच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल आणि ती त्यांनी ज्या रीतीने कबूल केली त्याबद्दल लिहीत आहे.

भाचीच्या साखरपुड्यासाठी सासूबाईंची जांभळी पैठणी मी तिथे दिली होती. साडी आणायला जायच्या आदल्या संध्याकाळी मालकांचा फोन आला. “ताई, पैठणीच्या पदरावर इस्त्री बसली आहे. चूक आमची आहे. तुम्ही येऊन पाहेपर्यंत मी साडीला हात लावत नाही.” मी गेल्यावर त्यांनी पदर काउंटरवर पसरला आणि स्वतःच डागावर बोट ठेवले. मोराच्या मानेशेजारी दोन बोटे रुंदीचा पट्टा होता. तिथले रेशीम करपून तपकिरी झाले होते आणि जरीची तार काळवंडली होती. रेशमाला बेताचीच उष्णता सोसते, शिवाय जरीवर मलमलचा कपडा ठेवूनच इस्त्री फिरवायची असते. इथे सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्त्री थेट पदरावर टेकली होती. डाग घडीच्या आत दुमडून त्यांनी साडी पिशवीत घालून दिली असती, तर तो मला ऐन समारंभाच्या सकाळी दिसला असता आणि कोणाच्या हातून पडला यावर वाद होत राहिला असता.

इस्त्री करणारा मुलगा मान खाली घालून तिथेच उभा होता. मालकांनी त्याला पुढे केले नाही. जरीचे काम नीट न शिकवता त्याच्यावर सोपवले ही आपली चूक, असे ते म्हणाले. भरपाई धुलाईच्या दराच्या पटीतच मिळेल, हे पावतीमागचे कलमही त्यांनी मला दाखवले नाही. असे कलम छापले म्हणून जबाबदारी संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. हे मला ठाऊक होते आणि मी चिडलेही होते. तेवढ्यात त्यांनी विचारले, “साडी कोणाची?” सासूबाईंची, त्या आता नाहीत, असे मी सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग हे पैशांनी भरून येणार नाही. मला माफ करा. जे करता येईल ते मी करतो.” “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत” असे संदेश आपल्याला रोज येतात, पण चूक कोणाची हे त्यांत कुठेच नसते, इथे ते पहिल्याच फोनमध्ये होते.

साडीच्या आतल्या, खोचल्या जाणाऱ्या टोकाचे धागे काढून त्यांनी रफूगाराकडून पदर भरून घेतला, तो खर्च स्वतः केला आणि ड्रायक्लीनचे पैसे परत दिले. त्यात तीन आठवडे गेले आणि साखरपुड्याला मला दुसरी साडी नेसावी लागली. पदर उजेडात तिरपा धरला की रफू अजूनही कळतो, म्हणून पाचपैकी चार तारे देत आहे.

गेल्या महिन्यात मी तिथे शालू दिला. त्याच मुलाने एकेक घडी उलगडून पाहिली, फॉलजवळची उसवलेली शिवण मला दाखवली, तिची पावतीवर नोंद केली आणि मगच माझी सही घेतली. इस्त्रीच्या टेबलावर मलमलचा धुतलेला कपडा घडी करून ठेवलेला होता.