खपली बुरशीच्या वर्गीकरणासाठी अंबाल्याचा बायनॉक्युलर मायक्रोस्कोप: घ्यावा का?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसा, दहा ते पंधरा हजारांच्या घरातला, अंबाला बनावटीचा बायनॉक्युलर मायक्रोस्कोप. ४, १०, ४० आणि १०० पटीची चार ऑब्जेक्टिव्ह, दहा पटीचे दोन आयपीस, खाली एलईडी. हे परीक्षण एकाच कामाच्या अंगानं केलं आहे: मेलेल्या लाकडाला खपलीसारखी चिकटून वाढणारी बुरशी ओळखणं आणि तिला तिच्या कुलात, गणात नेऊन बसवणं. कांद्याची साल बघायला कुठलंही यंत्र चालतं. खपली बुरशीत मात्र दोन-तीन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या तंतूवरची गाठ दिसली की नाही, यावर सगळा निर्णय अडलेला असतो.

मत आधीच सांगतो. यंत्र घेण्यासारखं आहे, पण पेटीतून येतं तसं वापरण्यासारखं नाही. मोजपट्टी, चांगली कव्हरस्लिप आणि तीन-चार बाटल्या यांवर वेगळा खर्च केला, तर बहुतेक नमुने प्रजातीपर्यंत (म्हणजे जीनसपर्यंत; जाती त्याच्या पुढची पायरी) नेता येतात. हा खर्च टाळला तर महागडं यंत्रसुद्धा फक्त सुंदर चित्रं दाखवतं.

नुसत्या डोळ्यांनी हे काम का होत नाही, ते आधी पाहू. स्वीडिश बुरशीशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी एकोणिसाव्या शतकात बुरशीची मांडणी केली ती फळाच्या, म्हणजे बीजाणू देणाऱ्या भागाच्या, बाह्यरूपावर. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर एक गट, दातेरी असेल तर दुसरा, छिद्रं असतील तर तिसरा. मांडणी वापरायला इतकी सोयीची होती की ती शंभर वर्षांहून जास्त टिकली. पण जमिनीकडे तोंड करून लाकडाखाली पसरायचं, देठ-टोपीवर ताकद घालवायची नाही, ही राहणी अनेक कुळांनी स्वतंत्रपणे धरलेली आहे. शेजारीशेजारी दोन पांढऱ्या खपल्या असतात. त्यातली एक बोलीटस या छत्रीच्या गणातली निघते, दुसरी रुसुलाच्या. कोनिओफोरा ही तपकिरी खपली बोलीटेल्समध्ये बसते. स्टेरिअम आणि पेनिओफोरा रुसुलेल्समध्ये, फॅनेरोकीट पॉलिपोरेल्समध्ये, हायमेनोकीट हायमेनोकीटेल्समध्ये, बोट्रिओबॅसिडियम कॅन्थरेलेल्समध्ये. जुन्या पुस्तकांतलं ‘कॉर्टिसिएसी’ हे अवाढव्य कुल म्हणजे या सगळ्यांची गर्दी होती. ती गर्दी फोडून खपल्यांना निरनिराळ्या गणांत बसवणारी सविस्तर मांडणी डीएनएच्या आधारे कार्ल-हेन्रिक लार्सन यांनी २००७ मध्ये केली. डीएनएने पाडलेले हे गट मायक्रोस्कोपखाली मात्र बऱ्याच अंशी ओळखू येतात, आणि म्हणूनच या यंत्राला अर्थ आहे.

आता यंत्राकडे. ४० पटीचं ऑब्जेक्टिव्ह या किमतीला खरोखर चांगलं आहे. सगळी शोधाशोध त्यावरच होते आणि प्रतिमा लख्ख येते. १०० पटीचं ऑइल इमर्शन साधं अॅक्रोमॅट असतं, म्हणजे मधला भाग स्पष्ट आणि कडा धूसर. बीजाणू मोजताना तो नेहमी दृश्याच्या मध्यावर आणावा. कडेला मोजलेला आकडा धरू नये. भिंगावर १.२५ हा आकडा (न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे भिंगाची तपशील सुटा दाखवण्याची क्षमता) कोरलेला असतो. त्यातून हिरव्या प्रकाशात साधारण पाव मायक्रॉनचा तपशील सुटा दिसू शकतो. पण त्यासाठी कंडेन्सर (स्टेजखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) पूर्ण वर हवा आणि डायफ्रॅम (त्यातली प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) अर्ध्याहून जास्त उघडा हवा. बरेच जण डायफ्रॅम मिटवून काळ्या कडांचं चित्र बघतात. मग बीजाणूच्या गुळगुळीत भिंतीवर नसलेले खवले दिसू लागतात आणि ट्रेकिस्पोरा (खडबडीत बीजाणूंची खपली) नसलेला नमुना ट्रेकिस्पोरा ठरतो.

यांत्रिक बाजू मध्यम. जाड फोकसची चकती ढिली असेल तर स्टेज आपोआप खाली सरकतं आणि ऑइलखाली मोजमाप चालू असतानाच प्रतिमा निसटते. चकतीच्या मुळाशी ताण वाढवायची कडी असते, ती पहिल्याच दिवशी आवळून घ्यावी. कंडेन्सर मध्यावर आणण्याचे स्क्रू काही मॉडेलांत नसतात. घेण्यापूर्वी ते असल्याची खात्री करा; नंतर ही उणीव भरून निघत नाही. पुढं कधी चांगलं १०० पटीचं प्लॅन (कडेपर्यंत स्पष्ट दाखवणारं) ऑब्जेक्टिव्ह बसवायचा विचार असेल तर नळी १६० मिमीची आहे की इन्फिनिटी, हे भिंगावर वाचून घ्या. एकाचं भिंग दुसऱ्यावर चालत नाही.

पेटीतल्या कव्हरस्लिप बाजूला ठेवा. ४० आणि १०० पटीची भिंगं ०.१७ मिमी जाडीच्या काचेसाठी घडवलेली असतात. स्वस्त पाकिटात जाड-पातळ काचा मिसळलेल्या येतात आणि दोष भिंगाच्या माथी मारला जातो.

सगळ्यात मोठी उणीव मोजपट्टीची. पेटीत ती नसते आणि तिच्यावाचून वर्गीकरण होत नाही. एका आयपीसमध्ये १० मिमीचे १०० भाग असलेली रेटिकल (काचेवर कोरलेली पट्टी) बसवून घ्या आणि ती पडताळायला १ मिमीचे १०० भाग केलेला स्टेज मायक्रोमीटर (मोजपट्टी कोरलेली स्लाइड) एकदा तरी मिळवा. कॉलेजकडून तासाभरासाठी मागून आणला तरी चालतो. हिशोबाप्रमाणे १०० पटीवर रेटिकलचा एक भाग १ मायक्रॉन, ४० पटीवर २.५ मायक्रॉन. प्रत्यक्षात भिंगाची पट तंतोतंत नसते आणि चार-पाच टक्क्यांचा फरक निघतो. तो आकडा यंत्रावर चिकटवून ठेवा. ज्या गटात ५ मायक्रॉनचा बीजाणू एका जातीचा आणि ६ चा दुसऱ्या जातीचा असतो, तिथं एवढा फरकसुद्धा महागात पडतो.

बाटल्यांत पहिली पोटॅशियम हायड्रॉक्साइडची (पुढं नुसतं पोटॅश): ३ ग्रॅम १०० मिली पाण्यात. वाळलेला नमुना यात फुगून मूळ रूपावर येतो. बाटली प्लास्टिकची ठेवा. काचेचं बूच अडकून बसतं. भिंगाच्या तोंडाला हे द्रावण लागलं तर लगेच ओल्या कापडानं पुसा, नाहीतर काच खराब होते. दुसरी बाटली एक टक्का फ्लॉक्सिन या रंगाची, कारण खपलीचे तंतू पाण्यासारखे पारदर्शक असतात आणि रंगाशिवाय दिसत नाहीत. तिसरी मेल्झर या आयोडीनच्या द्रावणाची; त्यात काही बुरशी निळी पडते, काही तांबूस-तपकिरी, तर काही रंग बदलत नाही. २० मिली पाण्यात आधी १.५ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवायचं, मगच ०.५ ग्रॅम आयोडीन टाकायचं (नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही) आणि शेवटी २० ग्रॅम क्लोरल हायड्रेट. हे विषारी आहे आणि सहज मिळत नाही, म्हणून कॉलेजमार्फतच मागवावं. पॅथॉलॉजी लॅबमधलं आयोडीन वापरलं तर निळी प्रतिक्रिया बहुधा कळते, पण तांबूस-तपकिरी प्रतिक्रिया भरवशाची मिळत नाही. चौथी कॉटन ब्लूची, लॅक्टिक आम्लातली. तिच्यात बीजाणूची भिंत निळी होते की फक्त आतला रस, एवढंच बघायचं. सल्फोव्हॅनिलिन या आणखी एका तपासणी द्रावणाच्या वाटेला घरी जाऊ नये. त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल असतं.

स्लाइड बनवण्याची पद्धत नीट पाळली तर निम्मं काम झालं. दाढीचं ब्लेड मधोमध मोडा. दहा पटीच्या हातभिंगाखाली खपलीचा उभा काप घ्या, वरच्या पृष्ठभागापासून थेट लाकडापर्यंत, जाडी केसाइतकी. अर्ध्या मिलिमीटरहून मोठा तुकडा घेतला तर दाबताना फक्त गोळा होतो. काचेवर स्पिरिटचा थेंब टाका, म्हणजे तंतूंत अडकलेली हवा निघून जाते. मग पोटॅश, मग फ्लॉक्सिन. कव्हरस्लिप ठेवून पेन्सिलीच्या रबराच्या टोकानं हलकेच ठोका आणि जादा रंग टिपकागदानं एका बाजूनं ओढून घ्या. मेल्झरसाठी मात्र नवा काप घ्यायचा. पोटॅशमधून काढलेला काप त्यात टाकला तर अल्कली आयोडीनचा रंगच घालवते आणि निळी पडणारी बुरशी न पडणारी ठरते. वर्गीकरण चुकण्याचं हे अगदी सर्रास दिसणारं कारण आहे.

आता बघायचं काय? सगळ्यात आधी पोटॅशचा थेंब खपलीवरच टाका. तपकिरी भाग झटक्यात काळा पडला तर मोर्चा हायमेनोकीटच्या कुलाकडे वळवा आणि कापात टोकदार, जाड भिंतीचे तपकिरी काटे शोधा. ते सापडले की फार शंका उरत नाही. मग तंतूंच्या आडभिंतींपाशी क्लॅम्प, म्हणजे बाजूनं निघालेली वळणाची जोडगाठ, आहे का पाहा. एका ठिकाणी नाही दिसली म्हणून नाही म्हणू नका. लाकडालगतच्या थरात आणि बॅसिडियमच्या (ज्या पेशीवर बीजाणू तयार होतात तिच्या) पायथ्याशी वेगवेगळं पाहा. फॅनेरोकीटमध्ये वरच्या थरात ती बहुधा नसते आणि तळाच्या जाड तंतूंवर अधूनमधून दिसते. तंतू एकाच प्रकारचे आहेत की सोबत जाड भिंतीचे, फांद्या न फुटणारे सांगाड्याचे तंतूही आहेत, ही फोड ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नर यांनी १९३२ मध्ये घालून दिली. आजही ओळख पटवण्याच्या पहिल्या दोन प्रश्नांत ती येते.

पेनिओफोरात जाड भिंतीची, स्फटिकांनी मढलेली सिस्टिडिया (बॅसिडियमांच्या मधल्या वांझ पेशी) असतात आणि बीजाणू केळ्यासारखे किंचित वाकलेले. स्टेरिअमची कड बऱ्याचदा लाकडापासून सुटून वर वळते, तिचे बीजाणू गुळगुळीत असतात आणि मेल्झरमध्ये निळे पडतात. बोट्रिओबॅसिडियमचे तंतू रुंद, काटकोनात फुटणारे, आणि एका बॅसिडियमवर चारऐवजी सहा ते आठ बीजाणू धरणारी टोकं. टोमेंटेलाचे बीजाणू तपकिरी आणि काटेरी. ही बुरशी लाकडावर दिसते, पण पोसली जाते जिवंत झाडाच्या मुळांशी असलेल्या भागीदारीवर. त्यामुळं ‘कुठल्या लाकडावर’ ही नोंद तिच्या बाबतीत फारसं सांगत नाही.

बीजाणू कापातले मोजू नका. ओलसर डबीत खपली उपडी टांगून रात्रभर स्लाइडवर सडा पडू द्या आणि त्यातले वीस-तीस मोजा. कापातले अर्धवट वाढलेले असतात. लांबी, रुंदी आणि त्यांचं गुणोत्तर लिहा, शिवाय मोजमाप पोटॅशमधलं की पाण्यातलं हेही लिहा, कारण पोटॅशमध्ये बीजाणू थोडे फुगतात.

सडा पडलाच नाही तर दोष यंत्राचा नाही. खान्देशात पाऊस थोडा आणि तोही तुटक. मधली उघडीप लांबली की खपली वाळते, वरचा थर कोसळतो आणि नमुना वांझ निघतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर शोधा. साग, सालई, धावडा, अंजन यांच्या पडलेल्या फांद्यांची खालची बाजू, बांधावरच्या वाळल्या बाभळी, सरपणाचा आणि पऱ्हाटीचा तळाचा थर, लाकडाच्या वखारीमागची टाकलेली साल या जागा पाहा. यावल, अनेर किंवा गौताळा अभयारण्यातून वनविभागाच्या परवानगीशिवाय काडीही उचलू नका. शिकायला शेताचा बांध भरपूर आहे.

नवख्याला फसवणारे दोन पाहुणे नेहमी भेटतात. काळी, कोळशासारखी कडक खपली बहुधा हायपोझायलॉन किंवा तिच्या नात्यातली निघते. त्यात बीजाणू पिशवीत तयार होतात, बॅसिडियमवर नाही. भिंगाखाली बारीक ठिपक्यांसारखी तोंडं दिसतात. हायपोझायलॉनच्या बऱ्याच जातींत पोटॅशमध्ये रंग सुटतो, आणि तो रंग जाती ठरवायला कामी येतो. दुसरा पाहुणा दगडफूल वर्गातला. नखानं खरवडल्यावर खाली हिरवा थर दिसला तर तो नमुना या कामाचा नाही.

प्रजातीच्या पुढं जाती ठरवताना या यंत्राची हद्द संपते. तिथं डीएनए लागतो. बुरशीचा अधिकृत बारकोड म्हणून आयटीएस हा डीएनएचा तुकडा २०१२ मध्ये स्वीकारला गेला आणि पैसे घेऊन त्याचं सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. पण खपली पातळ असते आणि तिच्यावर ट्रायकोडर्मासारखी बुरशी पटकन चढते, म्हणून तुकडा निर्जंतुक ब्लेडनं आतला घ्यावा. निकालात डेटाबेसमधल्या नोंदींशी जुळणी किती टक्के आहे याआधी जुळलेल्या नोंदीमागं जतन केलेला नमुना आहे का ते पाहा. बेवारस नोंदींवरची नावं चुकीची असणं नेहमीचं आहे. सूक्ष्म वर्णन नसलेला नुसता सिक्वेन्स असेल तर निकाल बरोबर की चढलेल्या बुरशीचा, हे तपासायला काहीच हाती नसतं. म्हणून हे यंत्र तिथंही लागतंच.

देखभालीबद्दल थोडंसं. सिडरवूड तेल सुकून चिकटतं, म्हणून कृत्रिम इमर्शन तेल घ्या आणि काम संपताच लेन्स पेपरनं टिपा. मे महिन्यातली धूळ फोकसच्या दातऱ्यांत जाते आणि पावसाळ्यात भिंगावरच बुरशी येते. सिलिका जेल टाकलेली बंद पेटी दोन्हींवर पुरते, फक्त जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. घेतानाच बॅटरीवर चालणारा एलईडी निवडा, म्हणजे वीज गेली तरी उघडलेली स्लाइड वाया जात नाही.

नमुने ४० ते ४५ अंशांवर वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. पाकिटावर तारीख, गाव, झाडाचं नाव, साल शिल्लक होती की नाही आणि लाकूड पांढरं-तंतुमय कुजलं की तपकिरी ठोकळ्यांत, एवढं त्याच दिवशी लिहा. नावाबद्दल खात्री वाटू लागली की नमुन्याचा एक भाग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अजरेकर बुरशी संग्रहालयासारख्या ठिकाणी देण्याबद्दल विचारणा करा.