केनपॉम: छोट्या कॉलेजांचं बास्केटबॉल मार्चच्या आधी ओळखायचं असेल तर

अमेरिकेत पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. टीव्हीवर ठळकपणे दिसतात ते त्यातले थोडेच. उरलेल्यांपैकी एखादं कॉलेज मार्चमधल्या राष्ट्रीय बाद-फेरी स्पर्धेत देशभर गाजतं आणि मग जो तो विचारतो, हे आले कुठून? केन पॉमेरॉय यांची केनपॉम ही वेबसाइट या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा जानेवारीतच देऊन ठेवते. वर्षाची वर्गणी साधारण २५ डॉलर आहे. छोट्या कॉलेजांमध्ये खरोखर रस असेल तर ती पुरेपूर वसूल होते. फक्त नामांकित दहा-बारा संघ बघणाऱ्याला मुख्य तक्ता पुरतो आणि तो फुकट आहे.

पॉमेरॉय मूळचे हवामानशास्त्रज्ञ. साइट दिसायला अगदी साधी, तक्तेच तक्ते. तिचा पाया एकच: गुण सामन्यामागे न मोजता पझेशनमागे, म्हणजे चेंडू ताब्यात आल्याच्या प्रत्येक पाळीमागे मोजायचे. पझेशनचा हिशेब कोणत्याही बॉक्स स्कोअरवरून, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यावरून, घरी करता येतो. फील्ड गोलचे (चालू खेळातल्या फेकींचे) प्रयत्न घ्या, त्यातून आक्रमणातले रिबाउंड (आपलीच फेक हुकल्यावर परत मिळवलेले चेंडू) वजा करा, टर्नओव्हर (फेक न करताच गमावलेले चेंडू) मिळवा आणि फ्री थ्रोच्या (फाउलनंतरच्या मोकळ्या फेकींच्या) प्रयत्नांना ०.४७५ ने गुणून तेही मिळवा. ५८ प्रयत्न, ९ रिबाउंड, १२ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो असतील तर पझेशन झाली ७०.५. तेवढ्यात ७५ गुण केले, तर शंभर पझेशनमागे १०६ च्या वर.

हे का महत्त्वाचं, ते २०२४-२५ च्या ड्रेककडे पाहिलं की कळतं. प्रशिक्षक बेन मॅकॉलम डिव्हिजन टूमधल्या नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटहून आले, तिथले काही खेळाडूही सोबत आले, आणि संघ देशात सगळ्यात संथ गतीने खेळू लागला. सामन्यामागचे गुण बघणाऱ्याला हा संघ बेताचाच वाटला असता. पझेशनमागचे आकडे वेगळंच सांगत होते. मोसमअखेर ३१ विजय, ४ पराभव, आणि मार्चच्या स्पर्धेत ११ वा सीड (मानांकन; पहिला सर्वांत वरचा) असताना मिसुरीवर ६७-५७ ने मात. ६० पझेशनमध्ये ७० गुण करणारा संघ ७५ पझेशनमध्ये ८० करणाऱ्यापेक्षा सरस असतो, हे एकदा डोक्यात बसलं की छोट्या कॉलेजांकडे बघायची नजरच बदलते. कमी खेळाडूंवर भागवणारे संघ मुद्दाम संथ खेळतात. पाळ्या जितक्या कमी, तितकी बलाढ्य संघाला आपला वरचष्मा दाखवायला संधी कमी.

मुख्य तक्त्यात हे आकडे प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि मैदान लक्षात घेऊन सुधारलेले असतात. आक्रमण आणि बचाव यांच्यातला फरक म्हणजे संघाचं रेटिंग. दोन संघांची तुलना करायची तर रेटिंगमधला फरक घ्या आणि अपेक्षित पझेशनने गुणून शंभराने भागा. अधिक १८ आणि अधिक ८ असे संघ तटस्थ मैदानावर ६७ पझेशन खेळले, तर अंदाज साडेसहा-सात गुणांचा. घरच्या मैदानाचे साधारण तीनेक गुण वेगळे धरायचे.

साइटची खरी कसोटी मार्चच्या स्पर्धेसाठी संघ निवडून सीड देणाऱ्या समितीशी तिचं जमत नाही तेव्हा लागते. २०१७ मध्ये विचिटा स्टेट केनपॉमच्या पहिल्या दहात होता, समितीने दिला १० वा सीड. तेव्हा समितीच्या हातात आरपीआय हा क्रमवारीचा आकडा होता. त्यात २५ टक्के स्वतःचे विजय, ५० टक्के प्रतिस्पर्ध्यांचे आणि २५ टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे. किती फरकाने जिंकलात याला किंमत शून्य. कमकुवत कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, अडकलेल्या संघाने समोरच्याला तीस गुणांनी लोळवलं तरी त्याच्या पदरात काही पडत नसे. २०२१ मध्ये लोयोला शिकागोचंही तेच. केनपॉमच्या पहिल्या दहात, आणि सीड मात्र ८ वा. दुसऱ्याच फेरीत पहिल्या सीडच्या इलिनॉयला त्यांनी ७१-५८ ने घरी पाठवलं. ज्याने तक्ता उघडला होता त्याला यात धक्का बसण्यासारखं फारसं नव्हतं.

२०१८-१९ पासून आरपीआय गेला आणि त्याच्या जागी नेट ही क्रमवारी आली. २०२०-२१ पासून तिच्यातही पझेशनमागचा फरक हा एक मुख्य घटक आहे. केनपॉमचा क्रमांक समितीच्या टीम शीटवर, म्हणजे प्रत्येक संघाच्या माहितीपत्रकावर, छापलेला असतो. तरीही समिती विजयांची प्रतवारी चार क्वाडमध्ये, म्हणजे अवघड ते सोप्या अशा चार गटांत, करते, आणि छोट्यांची अडचण होते ती इथेच. क्वाड वनचा विजय म्हणजे घरी नेटच्या पहिल्या ३० मधल्या, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधल्या किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधल्या संघाला हरवणं. असे संघ छोट्या कॉलेजच्या जिममध्ये यायला तयारच नसतात, कारण जिंकून त्यांना फार काही मिळत नाही आणि हरले तर मोसमभर डाग राहतो. २०२४ चा इंडियाना स्टेट नेटमध्ये पहिल्या ३० मध्ये होता. मिसुरी व्हॅली कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तो ड्रेककडून हरला आणि मार्चच्या स्पर्धेतल्या ६८ संघांत त्याला जागा मिळाली नाही. क्वाड वनचे सामनेच मोजके होते. केनपॉमच्या संघपानावर वेळापत्रकात अ आणि ब दर्जाचे, म्हणजे अवघड, सामने मैदान लक्षात घेऊन खुणावलेले असतात. डिसेंबरअखेर त्या खुणा मोजा. संघ उत्तम आणि खुणा दोन-तीनच असतील, तर कॉन्फरन्स स्पर्धा जिंकून थेट प्रवेश मिळवण्यावाचून त्याला गत्यंतर नाही असं समजा.

वर्गणीचे पैसे वसूल होतात ते याच संघपानांवर. सुरुवात चार घटकांपासून करावी: नेमबाजी, टर्नओव्हर, आक्रमणातले रिबाउंड, फ्री थ्रो. टर्नओव्हर आणि रिबाउंडचे आकडे बऱ्यापैकी टिकतात, त्यांच्यावर भिस्त ठेवायला हरकत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या थ्री-पॉइंटरच्या (लांबून तीन गुणांसाठी केलेल्या फेकींच्या) यशाच्या टक्केवारीवर मात्र ठेवू नका, तिच्यात नशिबाचा वाटा मोठा. समोरच्याला २८ टक्क्यांवर रोखणारा छोटा संघ जानेवारीत अभेद्य वाटतो आणि फेब्रुवारीत तीच टक्केवारी ३४ होते. बचाव खरा आहे का, हे प्रतिस्पर्ध्याला थ्री-पॉइंटरचे प्रयत्न किती करता येतात त्या प्रमाणावरून कळतं. मुख्य तक्त्यातला नशिबाचा रकानाही बघा. गुणांच्या फरकावरून अपेक्षित होते त्यापेक्षा जास्त सामने संघाने जिंकले असतील तर तो आकडा वर जातो. २५ विजय आणि हा रकाना फार वर, म्हणजे निसटते सामने खिशात आलेत. अशा संघाच्या मागे हुरळून जाऊ नये.

उंची, अनुभव आणि मागच्या वर्षीच्याच खेळाडूंकडे यंदा किती टक्के मिनिटं राहिली याचा सातत्याचा आकडा, हे तिन्ही छोट्या संघांसाठी सोन्यासारखे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि प्रतिमा जाहिरातींत वापरू देण्याचे पैसे मिळू लागले, दुसऱ्या कॉलेजात जाण्यावरची बंधनंही सैल झाली, आणि चांगला खेळाडू हातात राहणं अवघड झालं. २०२२ मध्ये सेंट पीटर्स हा एलिट एटपर्यंत, म्हणजे शेवटच्या आठ संघांत, गेलेला पहिला १५ वा सीड ठरला; सुरुवात केली होती केंटकीला ८५-७९ ने हरवून. प्रशिक्षक शाहीन हॉलोवे लगेच सीटन हॉलला गेले, खेळाडूही पांगले. उलट गोन्झागा. १९९९ मध्ये एलिट एट गाठल्यावर प्रशिक्षक डॅन मॉन्सन मिनेसोटाला गेले, पण त्यांच्याच हाताखालचे मार्क फ्यू यांच्याकडे सूत्रं आली आणि घडी मोडली नाही. २००४ मध्ये ६००० आसनांचं नवं सभागृह उभं राहिलं, २०१७ आणि २०२१ मध्ये संघ अंतिम फेरीत खेळला. नाव एका मार्चमध्ये होतं. ते टिकतं की नाही हे उन्हाळ्यात कोण थांबलं यावर ठरतं. म्हणून मोसम सुरू झाला की सगळ्यात आधी सातत्याचा आकडा बघावा.

आता उणिवा. पहिली, नोव्हेंबर-डिसेंबरचं रेटिंग बरंचसं मोसमपूर्व अंदाजावर चालतं, आणि आठ नवे खेळाडू घेतलेल्या छोट्या संघाबाबत तो अंदाज सपशेल चुकू शकतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत धीर धरा. दुसरी, दुखापतींची नोंद रेटिंग घेत नाही. तिसरी जास्त खोल आहे. जानेवारीनंतर संघ जवळजवळ फक्त आपल्या कॉन्फरन्समध्येच खेळतात, त्यामुळे बाहेरच्या जगाशी तुलना करायला सुरुवातीचे अकरा-बारा सामनेच उरतात. कॉन्फरन्समधले बाकीचे तेव्हा हरले असतील तर चांगल्या संघाचं रेटिंगही त्यांच्यासोबत खाली दबतं. चौथी, वेळापत्रकामागचा पैसा तक्त्यात दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये ओळीने चार सामने परक्या मैदानावर दिसले तर ते बहुधा मानधन घेऊन खेळलेले असतात. कॉलेजचं बजेट त्यातून सावरतं, क्रमवारी मात्र घसरते. डिव्हिजन वनबाहेरच्या संघांशी झालेले सामने रेटिंगमध्ये धरलेच जात नाहीत.

आणि एका रात्रीचा चमत्कार ही साइट सांगू शकत नाही. २०२३ मध्ये पहिल्या सीडच्या पर्ड्यूला ६३-५८ ने हरवणारा फेअरली डिकिन्सन तक्त्याच्या तळाकडे होता आणि डिव्हिजन वनमधला सगळ्यात बुटका संघ होता. ४० मिनिटांत काहीही घडू शकतं. केनपॉम ओळखते ते घडवलेल्या संघांना, आणि तिची उपयुक्तता तिथपर्यंतच मानावी.

पर्याय म्हणून बार्ट टॉर्विक यांची साइट फुकट आहे आणि एका बाबतीत सरस आहे: तारखा टाकून हव्या त्या काळाचं रेटिंग काढता येतं. मुख्य गार्ड जखमी झाल्यानंतरचा संघ वेगळा पाहायचा असेल तर तिथेच जावं. बबलवरच्या, म्हणजे स्पर्धेत प्रवेशाच्या उंबरठ्यावरच्या, संघाने ते सामने खेळले असते तर किती जिंकले असते, त्याच्याशी तुलना करणारा आकडाही तिथे मिळतो, आणि क्वाडच्या खणांपेक्षा तो छोट्यांना जास्त न्याय देतो. केनपॉम फक्त पुरुषांचं बास्केटबॉल बघते, ही मोठी कमतरता आहे. महिलांसाठी हर हूप स्टॅट्स आहे. १६ व्या सीडने पहिल्या सीडला हरवण्याचा पहिला मान महिलांच्याच स्पर्धेतला, हार्वर्डचा, १९९८ मध्ये, स्टॅनफर्डविरुद्ध ७१-६७. पुरुषांमध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला हरवेपर्यंत २०१८ उजाडलं.

वर्गणी भरायची तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरा. मार्चमध्ये ब्रॅकेट (कोण कोणाला हरवेल याच्या अंदाजाचा तक्ता) भरण्यापुरती घेतली तर तीन आठवडे वापर होतो आणि मग उन्हाळाभर ती पडून राहते. नोव्हेंबरमध्ये मिसुरी व्हॅली, अटलांटिक टेन आणि वेस्ट कोस्ट या तीन कॉन्फरन्सची पानं खूण करून ठेवा आणि महिन्यातून दोनदा उघडा. पूर्ण मोसमासाठी तेवढा अभ्यास पुष्कळ झाला.