गृहपाठाची वही आणि गप्प बसणाऱ्या बाई

'आरईबीटी घेऊ की सायकोडायनॅमिककडे जाऊ?' हा प्रश्न वर्षभरात मला तिघांनी विचारला. मी दोन्हीकडे बसून आलोय, म्हणून. आधी सात महिने आरईबीटी, म्हणजे त्रास देणारे विचार शोधून बदलायला शिकवणारे विवेकनिष्ठ उपचार, मग अडीच वर्षं सायकोडायनॅमिक, म्हणजे फ्रॉइडच्या मनोविश्लेषणातून आलेली, मनातलं नकळत चाललेलं बोलून उलगडणारी पद्धत, आणि ते अजून चालू आहे. मी या विषयातला माणूस नव्हे, त्यामुळे पुढचं सगळं एका पेशंटचं मत समजा.

सोपं आधी उरकतो. लिफ्टची भीती, परीक्षेची धास्ती, कुलूप दहादा ओढून बघणं असा ठळक त्रास असेल तर पहिल्या वाटेने किंवा तिच्या चुलत भावंडाकडे, म्हणजे सीबीटीकडे (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारे उपचार) जा. फार घोळ घालू नका. संशोधनाचं पाठबळ तिकडे जास्त आहे, आणि संपणार कधी याचा अंदाजही येतो. जगणंच नकोसं झालं असेल तर ही तुलना बाजूला ठेवा. आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा, रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

विवेकनिष्ठ पद्धतीत मराठी माणसाची आणखी एक सोय आहे. कि. मो. फडके यांनी या पद्धतीचा अमेरिकी जनक अल्बर्ट एलिस याचा विचार इथे असा रुजवला की त्याची भाषा आपल्याला परकी वाटत नाही. एलिस ज्याला 'मस्ट' म्हणतो, त्याला आपल्याकडे एक अक्षर पुरतं. 'बढती मिळावी' ही इच्छा आणि 'मिळालीच पाहिजे' हा हट्ट. तो 'च' शोधायचा आणि त्याच्याशी वाद घालायचा. मला याचा उपयोग झाला, हे कबूल करायला हवं. रविवारी संध्याकाळी पोटात येणारा गोळा दोनेक महिन्यांत पुष्कळ कमी झाला.

माझं बिनसलं ते वहीवरून.

दर आठवड्याला रकाने भरून न्यायचे असत: घटना, मनात आलेला विचार, त्रास शंभरपैकी किती, विचाराशी घातलेला वाद, आणि नंतर त्रास किती उरला. मी ते शनिवारी सकाळी बसमध्ये भरायचो. सगळे एका बैठकीत लिहिलेत हे कळू नये म्हणून दोन पेनं जवळ ठेवायचो. त्रास ८५ वरून एकदम २० वर आणला तर उपचार करणाऱ्या सरांना संशय येईल, म्हणून ४०. सर वही वाचून मनापासून म्हणायचे, "छान काम केलंत." मी खूश होऊन जिना उतरायचो, आणि खालच्या चहाच्या टपरीशी पोचेपर्यंत स्वतःची लाज वाटायला लागायची. शेवटी 'ऑफिसचं काम वाढलंय' असा नम्र मेसेज टाकून मी ते बंद केलं. सरांनी शुभेच्छा दिल्या. त्यांचा यात काही दोष नव्हता, वही तर नेहमी पूर्ण असायची.

दुसरीकडे आल्यावर आधी वैतागच जास्त. बाई माझ्यापेक्षा वयाने लहान. सुरुवात त्या करत नाहीत. पन्नास मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. गेलो नाही तरी पैसे द्यायचे. गृहपाठ तर नाहीच. मग मी आपणहून एक वही केली आणि तीत स्वप्नं लिहून नेऊ लागलो, तारखेसकट. बाई ऐकायच्या, पण वहीकडे बघायच्या नाहीत. सहाव्या आठवड्यात माझा तोल गेला. "एवढं लिहून आणतो, एकदा हातात तरी घ्या!" त्या म्हणाल्या, "घेतली तर मी काय म्हणावं असं वाटतं?"

माझ्या तोंडून निघालं, "बेरीज बरोबर आहे म्हणून."

आमचे बाबा दर रविवारी खाऊच्या पैशांचा हिशोब तपासत. रुपया-दोन रुपये जुळले नाहीत की मी 'पेरू' लिहायचो. चौथीच्या वर्षात मी कागदोपत्री जेवढे पेरू खाल्ले तेवढे आमच्या गल्लीत आले नसतील. अबोध मन म्हणजे तळघरात कोंडलेलं काहीतरी भयंकर, अशी माझी समजूत होती. पण पेरू मी विसरलो नव्हतो. कोणी विचारलं असतं तर हसत सांगितलं असतं. माहीत नव्हतं ते एवढंच की तोच हिशोब मी अजून लिहितोय, आधी सरांसाठी आणि आता बाईंसाठी. जुन्या नात्यातल्या भावना उपचार करणाऱ्यावर येणं, म्हणजे भावसंक्रमण, ट्रान्सफरन्स वगैरे शब्द मी आधी वाचले होते. वाचून त्या दिवसासारखे कान गरम झाले नव्हते.

म्हणजे हा प्रकार दोन्ही खोल्यांत घडत होता, फक्त एकीत त्यावर बोलणं झालं. फ्रॉइडलाही हे महागात पडूनच कळलं. त्याने 'डोरा' म्हटलेली मुलगी १९०० साली तीनेक महिन्यांत उपचार सोडून गेली. आपल्याला पंधरा दिवसांची नोटीस मिळाली, घरकामाच्या बाईने द्यावी तशी, हे त्याच्या लक्षात आलं. १९०५ मध्ये ती केस छापताना, भावसंक्रमण वेळेत हाताळता आलं नाही, अशी कबुलीही त्याने दिली. माझा तो नम्र मेसेज मला तेव्हा आठवला.

विवेकनिष्ठवाले यावर म्हणतील की 'सरांनी शाबासकी दिलीच पाहिजे' हासुद्धा 'च'च आहे, तोच वहीत घ्यायचा. मुद्दा रास्त आहे. शिवाय एलिस आणि सीबीटीवाला बेक, दोघेही मनोविश्लेषण शिकूनच त्यातून बाहेर पडले, त्यामुळे त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण तो 'च' लिहायला मला आधी वही खोटी आहे हे सांगावं लागलं असतं. आणि खोटी वही भरण्यात मी तरबेज होतो.

दुसऱ्या वाटेचा खर्च मात्र लपवत नाही. संपण्याची तारीख नाही, मधले काही महिने नुसते कोरडे जातात, आणि माझ्या एका मित्राला त्या शांततेने इतकं छळलं की तो तिसऱ्यांदा गेलाच नाही. मराठीतून हे करणारं माणूस शोधणंही कठीण. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच कोलकात्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली होती, तरी मला पुण्यात मराठीत बोलू देणारं कोणी मिळायला चार महिने लागले. यात तडजोड करू नका, असं मला वाटतं. 'पेरू' इंग्रजीत सांगितला असता तर तो नुसता फळ राहिला असता.

तुम्ही गृहपाठ खरा लिहिणारे असाल तर पहिली वाट स्वस्त आहे आणि बहुधा पुरेशीही. दोन पेनं जवळ बाळगणारे असाल, तर मी दुसरीकडे झुकेन.

महिन्याचे पैसे देताना मी अजूनही पाकिटावर बेरीज लिहितो. बाईंनी परवा विचारलं, कोणासाठी? तेवढ्यात पन्नास मिनिटं झाली.