सार्वजनिक इतिहासाच्या एम.ए.साठी ओव्हरहेड स्कॅनर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

पंधरा-वीस हजारांच्या पट्ट्यातला, ए-थ्री झाकणारा, 16 मेगापिक्सेलचा, पायाच्या बटणावर चालणारा स्कॅनर, म्हणजे खाली कागद ठेवायचा आणि वरच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्यायचा. बाकी वैशिष्ट्यं ठाऊक असतीलच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो: ऑटो-क्रॉप बंद केल्याशिवाय एकही जुना कागद याच्याखाली ठेवू नका.

सॉफ्टवेअर कागद आणि काळी चटई यांच्यातला फरक शोधतं आणि तिथे कात्री लावतं. ताज्या झेरॉक्सला हे चालून जातं. पेशवेकालीन मोडी कागदाची कड मात्र तपकिरी, डागाळलेली, कसरीने खाल्लेली. ती चटईत मिसळते आणि क्रॉप काही मिलिमीटर आत सरकतो. समासातला शेरा अर्धा जातो, तळाचं ‘मोर्तब सूद’ (पत्र संपल्याची खूण) निम्मं जातं. मोर्तब गेलं की पत्र पुरं झालंय की पुढचा तुकडा फाटलाय, हे कळायचा मार्गच संपतो. वर मूळ फ्रेम कुठे साठवलेली नसते. लिप्यंतराला बसल्यावर चूक लक्षात येते, तोवर रुमाल (कागदांचा कापडी गठ्ठा) बांधून दफ्तरखान्यात परत गेलेला असतो. वारसा-अभ्यासात कागदाची कड हा पुरावाच आहे, आणि हे यंत्र तीच कापतं. ‘कोरं पान वगळा’ हा पर्यायही बंदच ठेवा. पाठीवर एखादाच पुसट शिक्का असेल तर ते पान याच्या लेखी कोरंच.

चटईचंही तसंच. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या पातळ कागदाखाली काळा रंग बरोबर आहे, मागची शाई कमी उठते. पण कसरीचं भोक काळ्यावर शाईच्या ठिपक्यासारखं दिसतं आणि वाचणारा त्याला अनुस्वार समजतो. एका बाजूनेच लिहिलेल्या, भोकं पडलेल्या कागदाखाली फिकट बदामी कार्डशीट घाला. स्टेशनरीवाल्याकडे ती दहा-वीस रुपयांत मिळते, कंपनीची चटई कशाला?

आता खोक्यावरचा ‘300 डीपीआय’, म्हणजे इंचाला 300 ठिपके. 4608 पिक्सेल ए-थ्रीच्या 420 मिलिमीटर लांबीवर पसरले की 279 होतात. कॅमेऱ्याची उंची ठरलेली असल्यामुळे कागद लहान झाला तरी आकडा तोच राहतो. गिरणीच्या गेटपासवरचा 35 मिलिमीटर रुंदीचा फोटो चारशे पिक्सेलही भरत नाही. अशा फोटोंना पाच-सहा हजारांचा साधा फ्लॅटबेड (काचेवर कागद पालथा ठेवायचा स्कॅनर) 600 डीपीआयवर वापरा, आठशेच्या वर पिक्सेल मिळतात.

टिफ (तपशील न गमावता चित्र साठवणारा फाइल-प्रकार) निवडून खूश होऊ नका. एक फाइल 48 एमबीची, म्हणजे 500 पानांना 24 जीबी. आणि ती चारशे टक्के मोठी करून पाहिली तर शाईच्या कडेला आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन दिसतात. म्हणजे आत जेपेगच (तपशील गाळून लहान केलेलं चित्र), वरून टिफचा सदरा. हार्डडिस्कचे पैसे वाया घालवू नका, सर्वोच्च दर्जाचं जेपेग ठेवा आणि प्रबंधाच्या पद्धतीत तसं स्पष्ट लिहा.

इथवर वाचून वाटेल की हे विकून टाकावं. क्षेत्रकामाच्या सत्रापर्यंत माझंही मत तेच होतं. पण गिरणगावात 1982च्या संपावर काम करताना घरोघरी असतात त्या युनियनच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, पोस्टकार्डं, रेशनकार्डं. हे कागद लोक घराबाहेर देत नाहीत, आणि द्यायला सांगूही नये. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा स्कॅनर पाच मिनिटांत उभा राहतो, दोन्ही हात कागदावर, क्लिक पायाने. घरातल्या आजी समोर बसून प्रत्येक पावतीमागची गोष्ट सांगत असतात, तेव्हा माऊसकडे वळावं लागत नाही ही मोठीच सोय. पायाचं बटण या यंत्रातली सगळ्यात उत्तम गोष्ट आहे, आणि जाहिरातीत तिला जेमतेम एक ओळ!

चाळीतल्या खोलीत एलईडी ट्यूबखाली आडवे पट्टे आले तर सेटिंगमध्ये फ्लिकर 60 ऐवजी 50 हर्ट्झ करा. चकचकीत फोटोवर यंत्राचा स्वतःचा दिवा पडला की मधोमध पांढरा डाग येतो. तो बंद करून दोन टेबललॅम्प दोन्ही बाजूंनी 45 अंशांत लावा. फायलींना आपोआप पडणारी तारीख-वेळेची नावं त्याच संध्याकाळी बदला: घराचा क्रमांक, कागदाचा क्रमांक, पुढची की मागची बाजू. नंतर डब्लिन कोअरचे (कागदाची माहिती नोंदवायच्या प्रमाणित तक्त्याचे) 15 घटक भरताना मागची बाजू कुठल्या पुढच्या बाजूची, हे शोधत बसावं लागत नाही. संमतीपत्राची सही स्कॅनिंगच्या आधी घ्या. कागद इंटरनेटवर ठेवायचे की फक्त अभ्यासापुरते, हे त्यात वेगळं विचारा.

सेवेबद्दल: तळाचं यूएसबी सॉकेट सैल झालं. वॉरंटी संपल्यावर कंपनीचं उत्तर, सॉकेट सुटं मिळत नाही, अख्खा तळ बदला, म्हणजे जवळपास निम्मी किंमत. मोबाइल दुरुस्तीवाल्याने तेच सॉकेट किरकोळ पैशांत सोल्डर करून दिलं. नवीन घेतलात तर पहिल्या दिवसापासून सॉकेटला एक छोटी एक्स्टेन्शन केबल कायमची लावून ठेवा, काढघाल त्या केबलच्या टोकाला होऊ दे.