पोर्ट्रेट की इव्हेंट: समाधान कुठल्या कामात जास्त?

दोन्ही कामं थोडीफार करून झाली आहेत, कॅमेरा हातात बसला आहे आणि आता मोजके मोकळे दिवस कुठल्या कामाला द्यायचे एवढंच ठरवायचं आहे, अशांसाठी हा आढावा. कुठली बॉडी घ्यावी, फुल फ्रेम हवं का, हे इथे नाही. शेवटी हा स्वभावाचाही प्रश्न आहे, त्यामुळे माझं मत बेताबेतानेच घ्यावं.

पोर्ट्रेटचं पहिलं सुख म्हणजे ताबा. १२० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (दिव्यावर लावायचा, प्रकाश मऊ करणारा अष्टकोनी डबा) चेहऱ्यापासून सव्वा मीटरवर, डोळ्यांच्या थोडा वर आणि बाजूला ४५ अंशांत ठेवला की सावल्यांच्या कडा हळूच विरतात. तोच तीन मीटरवर नेला की प्रकाश कडक होतो, कारण चेहऱ्याच्या हिशेबाने दिवा लहान झालेला असतो. चूक झाली तर तिचं कारण हाती लागतं. ८५ मिमीची लेन्स एफ/१.८ वर ठेवून दोन मीटरवरून फोटो काढला तर फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरात सगळं स्पष्ट दिसतं ती, जेमतेम ६ सेंटिमीटर मिळते. मान जराशी वळली की एक डोळा धारदार आणि दुसरा मऊ. एफ/४ वर तीच खोली १३ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि प्रश्न मिटतो. पुढच्याच फ्रेममध्ये सुधारणा दिसते, हे सुख इव्हेंटमध्ये क्वचितच मिळतं.

दुसरं सुख समोरच्या माणसाचं. सुरुवातीच्या पंधरा-वीस फ्रेम बहुधा वाया जातात आणि त्या जाऊ द्याव्यात. मग पूर्ण श्वास सोडायला सांगायचं, खाली बघायला सांगायचं आणि हाक मारल्यावर वर. खांदे उतरलेले असतात, ओठ सैल असतात, आणि पहिल्या सेकंदात जो चेहरा मिळतो तो नंतर मागून मिळत नाही. हनुवटी आधी पुढे आणि मग किंचित खाली. नुसती खाली घ्यायला सांगितली तर मान आखडते आणि गळ्याला वळ्या पडतात.

इव्हेंटमध्ये यातलं काहीच आपल्या हातात नसतं. रंगमंचावर निळा एलईडी असेल तर निळा चॅनल आधीच फुटतो, म्हणजे फोटोतल्या निळ्या रंगाचे तपशील जातात, आणि मग व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, त्वचेचा पोत परत येत नाही. उपाय काढतानाच करायचा: आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्याचा वेगवेगळा आलेख) लावून एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली, म्हणजे निम्म्यावर. वीज ५० हर्ट्झची असेल तर साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत पट्टे पडतात. १/१०० किंवा १/५० शटर ठेवलं की पट्टे जातात. पण मंद केलेल्या काही दिव्यांचं लुकलुकणं विजेच्या ठेक्याशी बांधलेलं नसतं. तिथे हे गणित चालत नाही. सायलेंट मोड बंद करून मेकॅनिकल शटर लावावं आणि कार्यक्रमाआधी दोन-चार वेगांवर चाचणी फ्रेम काढून बघाव्यात. भाषण चालू असताना हे शोधत बसायला वेळ नसतो.

बाकीची तयारी रटाळ असली तरी जीव वाचवणारी आहे. दोन बॉडी, एकीवर २४-७० मिमीची लेन्स, दुसरीवर ७०-२००. दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवलेली, नाहीतर नंतर फ्रेम वेळेनुसार लावताना टाळ्या आधी आणि पुरस्कार मागून येतो. फाइल दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायची आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रत गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. ग्रुप फोटोचा हिशेब तर कोणी तरी खरोखरच मांडून ठेवला आहे: ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना त्यासाठी २००६ चं गणिताचं इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. तेवढ्या फ्रेम काढल्या की एखादी तरी बिनमिटल्या डोळ्यांची निघते. बारा जणांच्या चार, अंधारात सहा. पुरस्कार गमतीचा, आकडा कामाचा.

इव्हेंटचं खरं सुख मात्र व्यासपीठावर क्वचित असतं. वक्ता विनोदाकडे वळतोय असं वाटलं की कॅमेरा श्रोत्यांकडे फिरवायचा. वक्त्याचा फोटो वाक्य संपल्यावरच्या थांब्यात घ्यायचा. शब्दाच्या मध्ये तोंड वेडंवाकडं दिसतं. दारात भेटलेले दोन जुने सहकारी, मागच्या रांगेत एकटीच हसणारी कोणी तरी, भाषण संपल्यावर कागदाची घडी घालणारे हात. हे कोणी मागितलेलं नसतं. नेमके हेच फोटो लोक पुढे जपून ठेवतात, असं मला तरी वाटत आलं आहे.

आता ज्या एका कटकटीने माझा निर्णय झाला, ती. पोर्ट्रेट दिलं की काम संपत नाही. 'छान आहेत सगळे, फक्त नाक जरा...' असा निरोप येतो. मग जबडा, मग डावा डोळा, मग 'आधीचंच बरं होतं'. गंमत अशी, की दोष बहुतेक वेळा ना फोटोचा असतो ना नाकाचा. माणूस स्वतःला जन्मभर आरशात उलटा बघतो. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात लोकांनी स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो पसंत केला, तर त्यांच्या मित्रांनी सरळ. थोडक्यात, जो फोटो सगळ्या घराला आवडतो तोच ज्याचा आहे त्याला खटकतो, आणि रिटचच्या फेऱ्या एका अशा चेहऱ्यामागे धावतात जो कॅमेऱ्यासमोर कधी नव्हताच. त्यात सेल्फीची सवय: हातभर अंतरावरून नाक मोठं दिसतं, तेच डोक्यात बसतं आणि दोन मीटरवरून काढलेल्या फोटोतही शोधलं जातं.

यावर उपाय आहेत, आणि पोर्ट्रेटच करायचं असेल तर ते पहिल्या दिवसापासून लावावेत. बारापेक्षा जास्त फ्रेम दाखवू नयेत. निवडीच्या वेळी घरचं किंवा जवळचं एक माणूस सोबत असावं. शूट करताना फ्रेम लॅपटॉपवर दाखवत असाल तर त्या आरशातल्यासारख्या उलटवून दाखवा, समोरचा पटकन सैल होतो. अंतिम फाइल मात्र सरळच द्या, नाहीतर भांग आणि शर्टाची बटणं उलट्या बाजूला जातात. पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं, म्हणजे पुटकुळी, ओरखडा. तीळ आणि जुना व्रण सांगितल्याशिवाय हलवायचा नाही. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, आणि तसं आधीच लिहून घ्यायचं. एवढं करूनही कटकट कमी होते, संपत नाही. तासाभराचं शूट मागच्या दाराने दोन संध्याकाळी घेऊन जातं, आणि त्या संध्याकाळी तुम्ही छायाचित्रकार नसता.

इव्हेंटचं मागचं काम लांबलचक दिसतं खरं. पण रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमधल्या तयार प्रिव्ह्यूवरून निवड करणारं सॉफ्टवेअर वापरलं तर हजारभर फ्रेममधून तीनशे काढणं एका बैठकीत होतं. रंगाची दुरुस्ती एका प्रकाशातल्या सगळ्या फ्रेमना एकदम लावता येते. फाइली दिल्या की विषय संपतो. आपल्या नाकाबद्दल लिहायला कोणी येत नाही, कारण फोटो फक्त आपला नसतो.

ज्याला एकेका चेहऱ्याशी झुंजायला आवडतं, ज्याला रिटचिंगमध्येच रस आहे, त्याने माझं ऐकू नये. गर्दीत तासन्‌तास उभं राहणं ज्याच्या पाठीला झेपत नाही, त्यानेही. बाकीच्यांना मी इव्हेंटकडे झुकायला सांगेन, आणि आयोजकांची हरकत नसेल तर दाराजवळचा एक कोपरा मागून घ्यायला. साधा पडदा, त्याच्यापासून दीड मीटर पुढे पाहुणा, एक मीटरची छत्री लावलेला एक फ्लॅश, एफ/५.६, १/१६०, आयएसओ २००. सगळं मॅन्युअल, जमिनीवर चिकटपट्टीची खूण. प्रत्येकाला दोन मिनिटं आणि पाच फ्रेम. पोर्ट्रेटचं बरंचसं सुख तिथे मिळतं, आणि फुकटात मिळालेल्या फोटोला दुसरी फेरी सहसा कोणी मागत नाही.