फुकटच्या डायमंडपायी रिकामी होणारी खाती

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कित्येक मराठी घरांत बँकेचा मेसेज पोरंच वाचून दाखवतात. मेसेज इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, आणि दोन्ही वाचता येणारं घरात तेवढंच. भामट्यांना असंच मूल हवं असतं, ज्याच्या हातात बापाचा फोन आहे आणि पिनही पाठ आहे.

फ्री फायर मॅक्स हा मोबाइल गेम खेळताना कुणी अनोळखी ‘दादा’ ओळख वाढवतो आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावतो. फुकट डायमंडसाठी, म्हणजे गेममध्ये खर्चायच्या आभासी पैशांसाठी, एक अ‍ॅप टाकायला लावतो. त्या अ‍ॅपमधून फोनची स्क्रीन त्याला दिसते. ओटीपी न मागताच तो वाचतो. पुढे म्हणतो, ‘डायमंड जमा व्हायला पिन टाक.’ पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. अशा वेळी पिन टाकला की पैसे जातात. आधी 1 रुपया, लगेच मोठी रक्कम. यूपीआय लाइट ही छोट्या रकमांची सोय चालू असेल तर 1000 रुपयांपर्यंत पिनही लागत नाही, म्हणून मुलांच्या हातातल्या फोनवर ते बंदच ठेवा.

सगळ्यात जास्त घात होतो तो यानंतर. मार बसेल म्हणून मूल मेसेज पुसून गप्प बसतं. ‘घरी सांगू का? नाहीतर फोटो पाठव,’ अशी धमकी याच भीतीवर चालते. एक फोटो गेला की मागण्या वाढतच जातात. म्हणून पोराला आधी जवळ घ्या, हिशेब नंतर विचारा.

इंटरनेट बंद करा, ते अ‍ॅप काढा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात. वाटेत सापडले तरच गोठवता येतात. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर नंबर, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. बँकेला कळवून यूपीआय बंद करून घ्या. नंतर कर्नाटकात जिल्ह्याच्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या, पोलीस ठाण्यात जा. घर चंदगडला आणि खातं बेळगावात असलं तरी हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

फोटोची धमकी असेल तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर बोला. 18 वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही, त्याचा डिजिटल ठसा फोनवरच तयार होतो. सेवेत सामील असलेल्या साइट त्यावरून तो फोटो ओळखून हटवू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर खाजगीत फिरणारा फोटो मात्र तिला दिसत नाही. त्यासाठी पोलिसांतली तक्रारच लागते.