कॅमेलिअनच्या पिंजऱ्यावर काय लावावं: ट्यूब, पिळाचा बल्ब की मर्क्युरी?

आधीच सांगतो, झुडपात सापडणारा आपला देशी घोयरा सरडा पकडून घरात ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. इथं बोलतोय ते येमेनकडच्या व्हेल्ड कॅमेलिअनबद्दल, आणि त्याचीही केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

त्याला दिव्याकडून दोन गोष्टी हव्या असतात, ऊब आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण. यूव्हीबी मिळाली तर कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नाही मिळाली तर लेकरांच्या मुडदुसासारखंच होतं: पाय वाकतात, फांदी धरवत नाही.

मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा बल्ब दोन्ही एकत्र देतो म्हणून मोह होतो. मीही पहिल्या वर्षी १०० वॉटचा तोच घेतला. हिवाळा मजेत गेला. नवतपा लागला, वरच्या मजल्यावरची स्लॅब तापली आणि एका दुपारी सरडा तोंड वासून, पांढुरका पडून सगळ्यात खालच्या फांदीवर बसलेला दिसला. त्याची शेकायची जागा फार तर ३० ते ३२ अंशांची हवी. खोलीच ४० वर होती. बल्ब बंद केला, ऊब थांबली, पण यूव्हीबीही थांबली. शिवाय हा बल्ब मंद करता येत नाही, आणि लाइट जाऊन आली तर गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे परवडत नाही.

पिळाचा यूव्हीबी बल्ब स्वस्त. पण झोत अगदी जवळ, थोड्याशाच जागेत. सरडा वीतभर सरकला की संपलं. पिल्लाच्या छोट्या पिंजऱ्याला काही दिवस ठीक. चार फुटी जाळीच्या पिंजऱ्याला नाही.

माझं मत टी-५ हाय आउटपुट, म्हणजे बारीक पण जास्त ताकदीच्या यूव्हीबी ट्यूबला. दोन फुटी, २४ वॉट, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीवाली, मागे रिफ्लेक्टर. १० टक्क्यांपुढच्या ट्यूब वाळवंटी सरड्यांसाठी असतात, त्या नकोत. ट्यूब जाळीच्या वर ठेवा आणि बसायची फांदी ८ ते १० इंच खाली. जाळी बरीच यूव्हीबी अडवते, काच तर जवळपास सगळीच, म्हणून खिडकीतलं ऊन हिशेबात धरू नका. वर्षाने ट्यूब बदला. यूव्हीबी घटली तरी दिसायला ती तशीच उजळ असते, म्हणून मी टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवतो.

उबेसाठी वेगळा, साधा पिवळा, तारेचा ४० किंवा ६० वॉटचा बल्ब जाळीबाहेर लावा. डिसेंबरच्या सकाळी तो पेटला की सरडा अंग चपटं करून, काळपट होऊन एक बाजू त्याच्याकडे धरतो. बघण्यासारखं असतं ते! रात्री मात्र कुठलाच दिवा नको, लालसुद्धा नाही. दिवसाचे १२ तास टायमरवर सोडा.

बाहेरून मागवताना व्होल्टेज वाचा. ११० व्होल्टचा एक बल्ब माझ्याकडे लावल्या क्षणी फट्कन गेला.

हिवाळ्यात गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून वीस मिनिटं कोवळं ऊन द्या; फुकटात त्याहून चांगलं काही नाही. काचेच्या टाकीत मात्र कधीच नाही, जीव भाजून निघेल.

एकदम पैसे काढायचे नसतील तर आत्ता ट्यूब घ्या. उबेचा बल्ब दिवाळीनंतर आणला तरी चालतो.